इलेक्ट्रॉनीय नियंत्रण एकांक, मोटारगाडीतील : दोषनिदान व दुरुस्ती
मोटारगाडीच्या एंजिनास किती इंधन द्यावे व ठिणगी केव्हा पाडावी हे संवेदकांकडून येणाऱ्या संकेतांवरून ठरविणाऱ्या लहान संगणकास इलेक्ट्रॉनीय नियंत्रण एकांक म्हणतात. दुरुस्ती करणारे कारागीर त्यास ‘ईसीएम’ म्हणतात. जुन्या गाडीत हा भाग निकामी झाला व नवा मिळेनासा झाला, तर यांत्रिक दृष्ट्या सुस्थितीत असलेली गाडीही भंगारात जाते. म्हणून त्याच्या दुरुस्तीस आर्थिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : बॉश या जर्मन कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन मोटारगाडीत वापरात आली. १९७९ मध्ये त्याच कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीत इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय एकांकाकडे आले. भारतात २००० सालापासून उत्सर्जनाची मानके कडक होत गेली, तसा पेट्रोल गाड्यांतील कार्ब्युरेटर मागे पडला. नासिक येथे महिंद्र कंपनीच्या कारखान्यात २००२ मध्ये स्कॉर्पिओ व २००७ मध्ये रेनो कंपनीच्या भागीदारीत लोगान या गाड्या तयार होऊ लागल्या. सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉश (पूर्वीची मायको) कंपनीचा डीझेल अंतःक्षेपकांचा कारखाना आहे. त्या दशकातील अनेक गाड्यांनी खाजगी वाहनाच्या नोंदणीची पहिली १५ वर्षांची मुदत ओलांडली आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी चालू व योग्य स्थितीत असावी लागते.

रचना : ॲल्युमिनियमाच्या पेटीत मुद्रित मंडल असते. त्यावर सूक्ष्मप्रक्रियक, स्मृती, संवेदकांना ५ व्होल्ट दाब पुरविणारे मंडल आणि अंतःक्षेपक, ठिणगी-वेटोळे व रिले चालविणारे शक्ति-ट्रँझिस्टर असतात.

दोषनिदान : एंजिन सुरू झाले नाही की एकांकावर ठपका ठेवण्याची प्रवृत्ती आढळते, परंतु पुष्कळदा दोष त्याच्या बाहेर असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी. एंजिन फिरविताना बॅटरीचा दाब सु. ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. एकांकाच्या भूतारेवर (अर्थवर) चालू स्थितीतील दाबघट ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास सांधा गंजलेला वा सैल असतो. ५ व्होल्टचा दाब आढळला नाही, तर संवेदकांच्या जोडण्या एकामागून एक काढून पाहाव्यात. एखादी काढताच दाब पूर्ववत झाल्यास तो संवेदक वा त्याची तार दोषी ठरते, एकांक नव्हे. स्कॅनरवर दिसणारा दोषांक कोणत्या मंडलात बिघाड आहे एवढेच सांगतो. कोणता भाग बदलावा हे तो सांगत नाही. इगतपुरीसारख्या अतिवृष्टीच्या भागात वापरलेल्या गाडीत जोडणीच्या खिळ्यांवरील हिरवट गंज प्रथम पाहावा. वीज, भूतार, तारा व संवेदक निर्दोष ठरल्यावरच पेटी उघडावी.

दुरुस्ती : पेटी काढण्यापूर्वी बॅटरी सोडवावी व शक्य असल्यास स्मृतीतील मजकुराची प्रत घ्यावी. किल्लीची ओळख अनेकदा त्याच स्मृतीत असते. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा एकांक नुसता बसवून एंजिन सुरू होत नाही. १९९० च्या आसपासच्या काही जपानी एकांकांत धारित्रांतील द्रव गळून तांब्याचे मार्ग खाल्लेले आढळतात. असा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलाने स्वच्छ करून १०५° से. क्षमतेची धारित्रे बसवितात. कंपनाने व उष्णतेने तडकलेला डाख भिंगातून दिसतो. तो काढून पुन्हा डाख लावतात. जळालेला शक्ति-ट्रँझिस्टर बदलण्यापूर्वी तो ज्या वेटोळ्यास वा अंतःक्षेपकास चालवितो त्याचा रोध मोजणे आवश्यक असते. पेट्रोल गाडीच्या उच्च-रोधी अंतःक्षेपकाचा रोध सामान्यतः १२ ते १६ ओहम असतो. तो फार कमी भरल्यास नवा ट्रँझिस्टरही जळतो. डीझेलच्या एकांकात अंतःक्षेपकासाठी ६५ व्होल्ट वा अधिक दाब निर्माण होतो. तेथे विशेष दक्षता घ्यावी.

मर्यादा : सुरक्षा-पिशवीचा एकांक अपघातात कार्यान्वित झाला असल्यास तो बदलणेच इष्ट असते. स्मृतीतील मजकूर बदलून उत्सर्जन-नियंत्रण बंद करणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे धूर वाढतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत अनधिकृत फेरफार करण्यास मनाई आहे. चांगल्या दुरुस्तीनंतर गाडी पूर्वीइतकीच स्वच्छ व सुरक्षित चालली पाहिजे.