गाव कुणाच्या दिवसावरून निवडायचं?

मुंबईजवळ घर घेऊ पाहणारं कुटुंब साइट बघायला बहुधा रविवारी जातं. त्या दिवशी रस्ते मोकळे असतात, शाळा बंद असतात, शेअर रिक्षाला रांग नसते आणि सॅम्पल फ्लॅटच्या नळाला पाणी असतंच. चौकशी होते ती चौरस फुटाच्या दराची, कार्पेट एरियाची, स्टेशन किती मिनिटांवर आहे याची आणि हप्ता किती बसेल याची. यांतला एकही प्रश्न गैर नाही. पण ते सगळे एकाच माणसाचे असतात. हा माणूस कमावता असतो आणि रोज सकाळी त्या गावातून बाहेर पडणार असतो. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वसई-विरार, पनवेल यांपैकी कुठे संसार मांडायचा हा निर्णय त्याच्या एकट्याच्या सोयीनं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शाळकरी मूल, घरातले आजी-आजोबा, घर चालवणारी बाई, म्हणजे जी माणसं दिवसाचे सर्वाधिक तास त्या गावात काढणार, त्यांच्या दिवसावरून गाव जोखायला हवं.

कमावत्या माणसाचा प्रवास महत्त्वाचा नाही, असं यातून कुणी समजू नये. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८. फास्ट गाडीनंही बदलापूरहून सीएसएमटीला दीड तासाच्या आसपास लागतो. घरापासून स्टेशनची रिक्षा आणि पलीकडचं चालणं धरलं तर एका बाजूचे दोन तास होतात. कल्याणपुढे कर्जतकडे आणि कसाऱ्याकडे दोन-दोनच मार्ग आहेत. त्यांवरूनच लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात, त्यामुळे गाड्या वाढवायला जागाच उरत नाही. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम त्यासाठीच हाती घेतलेलं आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी गाडीतून पडले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले. तेव्हा हा प्रवास निव्वळ गैरसोयीचा नाही, जिवावर बेतणारा आहे, हे साऱ्या देशाला दिसलं. पण या तासांची किंमत प्रवास करणाऱ्याबरोबर आणखी कोण मोजतं? साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर लाखाला साधारण ८७० रुपये हप्ता पडतो. म्हणजे लांबच्या गावात घर पंधरा लाखांनी स्वस्त मिळालं, तर महिन्याला तेरा हजार वाचतात. त्यासाठी जाताना-येताना अर्धा-अर्धा तास वाढला आणि नवरा-बायको दोघंही नोकरी करत असली, तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत घरातले पन्नास तास जातात. हे तास जातात ते मुलाच्या अभ्यासाशेजारी बसण्याचे, म्हाताऱ्या आईला डॉक्टरकडे नेण्याचे. तेरा हजार खूप मोठी रक्कम आहे, हे मान्यच. मात्र हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरायला हवेत. आपल्याकडे एकच भरला जातो.

शिवाय ज्या ऑफिसच्या अंतरावरून गाव ठरवलं जातं, ते ऑफिस तरी कुठे कायमचं असतं? एके काळी नोकरी म्हणजे फोर्ट, बॅलार्ड पिअर किंवा परळ-लालबागच्या गिरण्या असायच्या. आता ती बीकेसी, अंधेरी, पवई, ऐरोली, महापे अशी विखुरली आहे. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला आणि ज्याचं काम ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आहे, त्याच्यासाठी डोंबिवली आणि पनवेल यांचा सारा हिशेबच पालटला. खासगी नोकरीत माणूस काही वर्षांत कंपनी बदलतो. मुलाची शाळा मात्र दहा-बारा वर्षं चालते आणि सासू-सासऱ्यांना सत्तरीनंतर नव्या गावात रुळायला लावणं त्याहून अवघड. जे सर्वांत लवकर बदलणार, त्यावर सर्वांत दीर्घ निर्णय बेतला जातो. मला हा उलटा क्रम वाटतो.

आता घरात राहणाऱ्यांच्या दिवसाकडे पाहू. तो सुरू होतो पाण्यानं. फ्लॅटचं ब्रोशर स्विमिंग पूल दाखवतं, पण शहराचं पाणी कुठल्या धरणातून येतं आणि ते धरण कुणाच्या मालकीचं आहे, याबद्दल अवाक्षर काढत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. या प्रदेशात असं भाग्य दुर्मीळ आहे आणि तिथल्या पाण्याची स्थिती पिढीभर बरी राहण्याचं हेच मुख्य कारण. हद्द ओलांडून खारघरला गेलं की पाणी सिडकोचं आणि मग तक्रारी ऐकू येऊ लागतात. पनवेलच्या जुन्या नगरपालिकेचं देहरंग धरण लहान आहे, उन्हाळ्याला ते पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या बऱ्याच भागाला एमआयडीसीच्या बारवी धरणावर अवलंबून राहावं लागतं, अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. वसई-विरारला सूर्या प्रकल्पाचं वाढीव पाणी २०२३ च्या अखेरीस मिळू लागलं. त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या हजारो सोसायट्यांनी टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. टँकर लागला की मेंटेनन्स वाढतो, आणि तो येईल तेव्हा घरात कुणीतरी असावं लागतं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक घरांत बाईच. एकाच शहरात स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीला रोज पाणी आणि हद्दीवरच्या नव्या टॉवरला दिवसाआड, असंही असतं, कारण जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब उरत नाही. म्हणून बिल्डरला विचारण्यापेक्षा शेजारच्या, दहा वर्षं उभ्या असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मे महिन्यातली टँकरची बिलं दाखवायला सांगावं. त्या कागदातून जे कळतं ते दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

पाण्यानंतर येते ती गोष्ट मोजायला अवघड आहे, म्हणून ती हिशेबातून सुटते: गावानं आपल्या माणसांसाठी किती काळ काय काय उभं केलं आहे. डोंबिवली किंवा ठाण्यात दोन पिढ्या बायका सकाळची लोकल पकडून नोकरीला गेल्या. त्यांच्या गरजेतून तिथे पाळणाघरं निघाली, पोळी-भाजी केंद्रं निघाली, दुपारी मुलाला शाळेतून घरी आणून सोडणारे रिक्षावाले काका तयार झाले, गल्लीत शिकवण्या चालू झाल्या, संध्याकाळी निवडलेली भाजी विकणाऱ्या बायका स्टेशनबाहेर बसू लागल्या. यांतलं काहीही सरकारी योजनेतून आलं नाही आणि कुठल्याही ब्रोशरमध्ये छापता येत नाही. पण नोकरी करणाऱ्या आईला चाळीस मजल्यांच्या टॉवरपेक्षा याचा आधार मोठा असतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानानं १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ती प्रथा गावोगावी गेली. या संस्थांकडे मी करमणूक म्हणून पाहत नाही. निवृत्त माणसाला सकाळी जायला जागा आणि बोलायला ओळखीचे चेहरे मिळतात, ते इथे. पन्नाशीत गाव सोडून मुलाबरोबर राहायला आलेल्या वडिलांना हे मिळालं नाही, तर तीन खोल्यांचं घरही त्यांना कोंडवाडा वाटतं.

दवाखान्याचंही तसंच आहे. साध्या तापाचे डॉक्टर सगळीकडे मिळतात. प्रश्न येतो रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं तर. ठाणे जिल्ह्याच्या लांबलांबच्या भागांतले रुग्ण, आणि पालघरकडचेही, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एका दिवसात १८ रुग्ण दगावल्याची बातमी राज्यभर गाजली. तेव्हा त्या एका रुग्णालयावर किती गावांचा भार आहे, ते उघड झालं. जिथे अतिदक्षता विभाग पंधरा मिनिटांवर नाही, त्या गावात साठीपुढची माणसं नेताना या गोष्टीला स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा जास्त वजन द्यायला नको का?

सुरक्षितपणाचा विचार बहुतेकांच्या मनात चोर-दरोडेखोरांशी येऊन थांबतो. या पट्ट्यातले खरे धोके वेगळे आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसं मेली, आणि लांबच्या इमारतींच्या काचाही फुटल्या. कारखाने आधी आले, वस्ती नंतर त्यांना भिडली. उल्हास नदी २६ जुलै २००५ ला बदलापुरात शिरली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात: पहिली साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘रिव्हर व्ह्यू’ असं नाव असलेल्या इमारतीचा प्लॉट या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, ते विकत घेण्याआधीच बघायचं असतं. आणि कागद. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या. त्या जमिनी कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित होत्या आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे ६५ इमारतींनी महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा महारेराचा क्रमांक पाहून समाधान मानू नये. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र खुद्द महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळावं, विकास आराखड्यात त्या जागेवर कसलं आरक्षण आहे ते पाहावं. घर पाडलं गेलं तर कमावता माणूस ऑफिसात असतो. सामान बाहेर काढतात ती घरातली माणसं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गावं वाढतात. आज ओसाड वाटणारी जागा उद्या भरभराटीला येते. डोंबिवलीही कधी खेडंच होतं, मग लवकर गेलेल्यांचाच फायदा झाला ना? झाला, पण किती वर्षांनी, हे कुणी सांगत नाही. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबई मेट्रोच्या मार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. २०११ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल तोवर बारावी होऊन कॉलेजात गेलं होतं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेव्हापासून तिच्या नावावर किती फ्लॅट विकले गेले असतील! नवी मुंबई विमानतळाची चर्चा नव्वदच्या दशकापासूनची, उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ चं. गुंतवणूकदाराला अशी वाट पाहणं परवडतं, तो तिथे राहत नसतो. मुलांना वाढवायला जाणाऱ्या कुटुंबानं जे आज सुरू आहे तेवढंच मोजावं आणि जे व्हायचं आहे त्याला शून्य किंमत द्यावी. पुढे झालं तर ते वरकमाई.

दुसरा आक्षेप शिळफाटा रस्त्यावरच्या किंवा पनवेलपुढच्या मोठ्या गृहसंकुलांच्या बाजूनं येतो: शाळा, मैदान, दुकानं, सगळं कुंपणाच्या आत आहे, मग गावाशी संबंध कशाला? लहान मुलांना खेळायला मोकळी, गाड्यांपासून सुरक्षित जागा मिळते, हा त्यांचा मोठा गुण आहे आणि जुन्या गावांनी या बाबतीत मुलांवर अन्यायच केला आहे. पण आत एक शाळा म्हणजे फी वाढली तरी दुसरीकडे जाण्याची सोय नाही. मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला क्लास, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, मित्रांची घरं गाठायची असतात. बाहेर पडायला एकच तुंबलेला रस्ता असेल तर ते प्रत्येक वेळी आईबापांच्या गाडीवर अवलंबून राहतं. जुन्या गावातलं मूल सायकलवर किंवा पायी हे सारं एकट्यानं करतं. मुलाला एकट्यानं फिरता येणं ही गोष्ट वाढीच्या वयात फार मोलाची आहे, आणि तिच्यासाठी मी दोनशे चौरस फूट कमी घ्यायला सांगेन.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशांचा. हातात मोजकी रक्कम असलेल्यानं निवड कसली करायची, बँक जेवढं देईल तेवढ्यात जे मिळेल ते घ्यायचं, हे ऐकताना वाईट वाटतं, कारण त्यात तथ्य आहे. परवडणारी घरं मुंबईपासून इतकी लांब ढकलली गेली ही या कुटुंबांची चूक नव्हे, धोरणाची आहे. तरीही ठरलेल्या रकमेतसुद्धा नव्या टॉवरमधला टू बीएचके आणि वसलेल्या गावातल्या जुन्या इमारतीतला वन बीएचके यांत निवड असतेच. जुनी इमारत घ्यायची तर ती तीस वर्षांपुढची असल्यास संरचना तपासणीचा अहवाल मागून घ्यावा आणि सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, ते विचारावं. आणि घाई नसेल तर आधी त्याच गावात अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहावं. त्या अकरा महिन्यांत मे आणि जुलै दोन्ही यायला हवेत, म्हणजे टंचाई आणि पाऊस दोन्ही कळतील. भाडं वाया जातं असं लोक म्हणतात, पण वीस वर्षांच्या कर्जापुढे ही रक्कम थोडी आहे. मूल शाळेत जायच्या आधीच्या वर्षांत हे करणं सर्वांत सोपं, एकदा शाळेत नाव घातलं की हलणं जड जातं. राज्यात २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणून पुष्कळ घरं आता तिच्या नावावर होतात. मग कामाच्या दिवशी, सकाळी सात वाजता आणि पुन्हा संध्याकाळी सात वाजता, त्या गावात फिरून पाणी, शाळा, दवाखाना यांची चौकशी तिनं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावी, आणि टोकनचा चेक त्यानंतर लिहावा.