जोर काढताना खवाटा काय करतो?

उजवा तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. कोपर सरळ ठेवा. डाव्या हाताची बोटं उजव्या काखेखाली, बरगड्यांवर ठेवा आणि कोपर न वाकवता भिंत ढकला. बोटांखाली जो स्नायू आवळतो, तो सेरॅटस अँटिरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून तो करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, आतल्या कडेला जाऊन चिकटतो.

खवाट्याचा धडाच्या सांगाड्याशी हाडाचा जोड एकच, हासळीच्या हाडामार्फत. बरगड्यांवर तो स्नायूंच्या आधारानंच सरकतो. माळ्यावरचा डबा काढायला हात सरळ वर नेतो, तेव्हा त्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून. खवाटा आळसावला की सांध्यावरचा ताण वाढतो. सेरॅटस फारच दुबळा असेल, तर भिंत ढकलताना खवाट्याची कड पंखासारखी बाहेर येते.

बेंच प्रेसमध्ये पाठ बाकाला टेकलेली असते, त्यामुळे खवाटे दबून राहतात. जोर काढताना ते मोकळे असतात. हाच जोराचा मोठा फायदा आहे. पण बहुतेक जण कोपर सरळ झाले की थांबतात आणि सेरॅटसचं खरं काम तिथेच राहून जातं.

म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. दोन्ही तळहात टेकवा, कोपर ताठ. छाती भिंतीकडे सैल सोडा, खवाटे एकमेकांजवळ येतील. मग भिंत ढकलून पाठ मागे न्या, खवाटे लांब जातील. हालचाल जेमतेम दोन-तीन बोटांची असते. कंबर वाकवू नका, मान पुढे काढू नका. दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड.

हे सहज जमलं की तेच स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून करा, मग जमिनीवर गुडघे टेकून, मग पंजांवर. त्यानंतर पूर्ण जोर: कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवून खाली जा, वर या आणि कोपर सरळ झाल्यावर जमीन आणखी दोन बोटं ढकला.

तालमीतला जोर यापुढची पायरी. त्यात कंबर उंच असताना हात डोक्याच्या रेषेत येतात आणि खवाटा वरच्या दिशेला फिरतो. छाती जमिनीलगत पुढे नेताना तो पुन्हा खाली येतो. एकाच आवर्तनात त्याला दोन्ही दिशांचा व्यायाम मिळतो. मात्र खांदा आधीच दुखत असेल, तर इथे घाई नको.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, हाताला मुंग्या किंवा हात वर उचलताच न येणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी शंभर जोरांचा आकडा गाठण्याआधी दहा जोर शेवटच्या दोन बोटांसकट काढावेत. खांदा पुढे अनेक वर्षं साथ देईल, ती त्या दोन बोटांच्या जोरावर.