जमिनीतले न दिसणारे खातेदार

'जंतू' हा शब्द कानावर पडला, की आपला हात साबणाकडे जातो. पटकी, क्षय, विषमज्वर यांनी जिवाणूंचे नाव इतके बदनाम केले आहे, की त्यांच्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असतात, हे सांगूनही पटत नाही. एका पेशीचा हा जीव. त्या पेशीला केंद्रकही नाही. लांबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. पण पृथ्वीवरची त्याची वहिवाट सुमारे साडेतीन अब्ज वर्षांची. आपण कालचे भाडेकरू!

बँकेतली माझी काही वर्षे ग्रामीण शाखांत गेली. पीककर्जाच्या कागदांवर बियाणे, खत, मजुरी यांचे रकाने असत. जिवाणूंचा रकाना नसे. शेतकरी मात्र सहज बोलून जात, "साहेब, भुईमुगाचा बेवड आहे, गहू चांगला येणार." या बेवडाचे रहस्य मुळांत आहे.

भुईमूग, तूर किंवा हरभऱ्याचे रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने एखादी फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर समजावे, काम चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा तो रंग. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू नांदतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. मोडता न येणाऱ्या मुदत ठेवीसारखा! ती ठेव हे जिवाणू मोडतात, नत्राचा अमोनिया करून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली हा व्यवहार उजेडात आणला. अमोनियासाठी कारखान्याला ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या साध्या उबेत करतात.

पण जमिनीत आयता नत्र भरपूर असला, की कडधान्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात. युरियाची गोणी वाढते, तसे हे जुने खाते गोठत जाते आणि वर्षानुवर्षे एकच पीक घेतले, तर ते उघडतच नाही. मग खर्च वाढतो, कर्जही वाढते. उपाय महागडा नाही. पिकांची फेरपालट करावी. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू संवर्धक चोळून ते सावलीत सुकवावे आणि पेरावे.

हात साबणाने जरूर धुवावेत. मात्र जेवताना मुलांना एवढे सांगावे, की वाटीतल्या वरणाची ताकद ज्या नत्रातून आली, त्यातला मोठा वाटा या अदृश्य खातेदारांनी जमा केलेला आहे.