कंपनी म्हणजे एका भाकरीचे सोबती

नववीच्या वर्गात इंग्रजी शिकवताना ‘कम्पॅनियन’ हा शब्द आला. फळ्यावर अर्थ लिहिला, सोबती. ‘कंपनी’ हा शब्दही त्याच घरातला, असे सांगताच मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, कंपनी म्हणजे कारखाना! माझे अब्बू वाळूजला कंपनीत आहेत.”

वर्ग हसला, पण मुलाचे काही चुकले नव्हते. गेवराईतली कितीतरी माणसे वाळूज, चाकणच्या कंपन्यांत राबतात. त्याच घरात आई पाहुणीला म्हणते, “बसा की थोडं, मला कंपनी होईल.” आणि मुलगा उशिरा परतला की तिलाच धास्ती वाटते, “पोरगं वाईट कंपनीत तर पडलं नाही?”

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे रोटी. जो आपल्याबरोबर रोटी खातो तो ‘कंपॅनिओ’. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत गेला. आधी अर्थ होता सोबत, मग सोबत्यांचा जथा, नंतर एकत्र येऊन व्यापार करणारी मंडळी. 31 डिसेंबर 1600 रोजी इंग्लंडच्या राणीने सनद दिलेली ईस्ट इंडिया कंपनी अशीच व्यापाऱ्यांची मंडळी होती. तिने या देशाची भाकरी कशी पळवली, ते आपण इतिहासात शिकतो. सोबतीचा शब्द नावात असून भागत नाही, हेही त्यातून कळते.

गंमत म्हणजे आपण चहात बुडवतो तो ‘पाव’ही याच ‘पानिस’चा वंशज. लॅटिनचा पानिस पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ झाला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे कंपनी आणि पाव हे दूरचे भाऊच!

आणि आपला ‘सोबत’ हा शब्द? तो अरबी-फारसीतल्या ‘सोहबत’मधून मराठीत आला. ज्या मुळापासून सोहबत, त्याच मुळापासून ‘साहिब’ आणि ‘सहाबा’. आज साहेब म्हटले की खुर्चीवरचा अधिकारी आठवतो, पण साहिबचा मूळ अर्थ सोबती. हिजरतच्या वेळी सौर गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर असलेल्या ह. अबू बकर (रजि.) यांच्यासाठी पवित्र कुरआनच्या सूरह तौबामध्ये हाच शब्द आला आहे. शत्रू गुहेच्या तोंडाशी असताना जो बरोबर राहिला, तो साहिब.

हे सारे मला गेल्या वर्षीच्या एका प्रसंगामुळे अधिक उमगले. दिवाळीनंतर आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुले कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ राहतात. शाळेत आठवीपर्यंत खिचडी मिळते, नववीपासून डबा घरून आणायचा. नववीतला असाच एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा नसल्याने नळाकडे जायचा आणि घंटा होईपर्यंत तिथेच रेंगाळायचा.

डिसेंबरमध्ये एक आई मला भेटायला आली. म्हणाली, “मॅडम, आमचा हल्ली रोज तीन चपात्या जास्त मागतो. त्या ऊसतोड्याच्या पोराच्या नादी लागलाय. त्याची कंपनी सोडवा.”

मी तिला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे केले. दोघे मुलगे लिंबाखाली बसले होते, मध्ये एकच डबा. तिचा मुलगा चपाती मोडून अर्धी पुढे सरकवत होता. पाहणाऱ्याला संकोच वाटावा असे त्यात काहीच नव्हते, ना उपकार, ना लाचारी. मी एवढेच म्हणाले, “आपा, याला वाईट कंपनी म्हणायचे का?” दोघांचे जेवण तिघांना पुरते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण घराघरांत सांगतो. तिच्या मुलाने ती कुणी न सांगता अमलात आणली होती.

ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात त्या मुलाचा डबा मोठा झाला, एवढे मात्र मी पाहिले.

मुलांची संगत पारखायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण पारखताना आपण मित्राचे कपडे पाहतो, त्याच्या बापाचा धंदा विचारतो, मार्क विचारतो. त्याऐवजी एकदा त्याला घरी बोलवा, दस्तरखानावर आपल्या मुलाशेजारी बसवा. कोण आधी दुसऱ्याच्या ताटात वाढतो आणि कोण फक्त आपल्याच ताटाकडे पाहतो, ते पाहा. संगत चांगली की वाईट, हे तिथे बरेचसे कळते.