झरी‘ची’ जमीन, झरी‘नी’ जमीन : प्रत्यय नेमके काय करतात?

तलासरी तालुक्यातल्या झरी गावाला मराठीत ‘झरीचा रस्ता, झरीची जमीन, झरीचं पाणी’ असं जोडलं जातं. शेजारच्या उंबरगावच्या गुजरातीत तेच ‘झरीनो रस्तो, झरीनी जमीन, झरीनुं पाणी’ होतं. १ मे १९६० रोजी राज्यांची सीमा आखली गेली, तरी हे दोन्ही प्रत्यय या पट्ट्यात रोज कानावर पडतात.

चा, ची की चे, हे कोण ठरवतं?
मालक नव्हे, वस्तू ठरवते. जमीन स्त्रीलिंगी, म्हणून ‘सावकाराची जमीन’ आणि ‘कुळाची जमीन’. मालक बदलला तरी ‘ची’ तशीच राहते. गुजरातीच्या नो-नी-नुंचा आणि खानदेशातल्या अहिराणीच्या ‘ना-नी’चाही नियम हाच.

सामान्यरूप म्हणजे काय?
प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल. रस्ता-रस्त्यावर, ठाणे-ठाण्यात. मात्र झरी, डहाणू, तलासरी ही नावं बदलत नाहीत : झरीत, डहाणूला, तलासरीहून.

तुर्की भाषेत काय होतं?
तिथे मालकाची खूण वस्तूच्याच शब्दाला चिकटते. ‘एव’ म्हणजे घर, ‘एविम’ माझं घर, ‘एविन’ तुझं घर. त्यापुढे ‘दे’ जोडला की ‘एविमदे’, म्हणजे माझ्या घरात. व्याकरणात लिंगभेद नसल्याने चा-ची-चेची भानगड नाही.

एका प्रत्ययाने काय बिघडतं?
‘सावकाराने कुळाला जमीन दिली’ आणि ‘सावकाराला कुळाने जमीन दिली’. शब्द तेच, क्रमही तोच. पण ने-ला यांची अदलाबदल होताच व्यवहार उलटा झाला. झरीत ही बाब किरकोळ नाही. २३ मे १९४५ रोजी इथेच हजारो वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले होते. जमीन कोणाची आणि कोणी कोणाला दिली, हाच इथला जुना प्रश्न. म्हणून कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी नावांपुढचे प्रत्यय वाचून घ्यावेत.

शाळेत याचा उपयोग काय?
ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५च्या खंडात वारलीची नोंद मराठीच्या बोलींमध्ये आहे. घरी वारली, बाजारात गुजराती, पुस्तकात प्रमाण मराठी, अशा मुलाच्या वहीत ‘नी’ आली, तर ती निव्वळ गफलत नसते. दुसऱ्या भाषेचा बरोबर नियम तिथे लागलेला असू शकतो. लाल रेघ मारण्याआधी दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली, तर मुलाला फरक लवकर कळतो.