करबुड्याचा कातळ आणि पोलादाचा सांधा

रत्नागिरी तालुक्यात, उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान, काळ्या कातळाच्या उदरातून सुमारे साडेसहा किलोमीटर जाणारा करबुड्याचा बोगदा ज्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या आधिपत्याखाली सिद्धीस नेला, त्याने कठीण खडकासाठी स्वीडनहून तेलदाबावर चालणारी नऊ यंत्रे मागविली होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु अशा यंत्राची सारी भिस्त छिद्र पाडणाऱ्या पोलादी रॉडच्या टोकावरील बोटभर आट्यांवर असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

यंत्रातील दट्ट्या सेकंदाला सुमारे ५० आघात करतो आणि त्या आघाताची लहर शँक (आघात झेलणारा दांडा), कपलिंग (सांधणारी नळी), रॉड या क्रमाने बिटापर्यंत, म्हणजे खडकाला भिडणाऱ्या टोकापर्यंत, पोहोचून खडक फोडते. या हिशेबाने तासाला १,८०,००० आघात होतात, म्हणजे साडेपाच तासांच्या सलग कामात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. यांपैकी एकही आघात रॉड मोडण्याइतका प्रबळ नसतो. तथापि आट्याच्या तळाशी, जिथे ताण एकवटतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती गुपचूप आत सरकत राहते. मोडलेला तुकडा हाती घेतला, तर चिरेच्या बाजूस गुळगुळीत, कमानदार रेषांचा पृष्ठभाग आणि शेवटी एकाएकी तुटलेला खरबरीत भाग स्पष्ट दिसतो. रेल्वेच्या आसांचा असाच घात कसा होतो, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता आउगुस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकातच केला होता.

यावर रॉड नुसता जाड करणे हा उपाय नव्हे. आट्याचा तळ गोलाकार ठेवणे, कार्बन मुरवून वरची कातडी कठीण करणे, बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाबाचा ताण कोंडून ठेवणे, जेणेकरून चिरेला तोंडच फुटू नये, आणि शक्य तिथे स्वतंत्र कपलिंग टाळून रॉडच्याच एका टोकास मादी-आटे पाडणे, हे खरे उपाय होत.

मात्र कारखान्याने केलेले हे सारे चालकाच्या एका कसुरीने वाया जाते. बिट खडकावर नीट दाबून धरले नाही, तर लहर ओढीच्या ताणाच्या रूपाने माघारी फिरते, सांधे सैल पडतात आणि कपलिंग तापते. म्हणून तापलेले कपलिंग हीच पहिली तक्रार समजून जाणता चालक फीडचा, म्हणजे रॉड पुढे रेटण्याचा, दाब तपासतो, आट्यांना ग्रीस लावतो आणि प्रत्येक रॉडने किती मीटर छिद्र पाडले याची नोंद ठेवतो. मुक्रर मीटर भरलेला रॉड वरकरणी सुस्थितीत दिसला तरी तो बाद करण्यातच शहाणपण असते, कारण या मामल्यात डोळ्यांपेक्षा नोंदवहीची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.