जुन्या रंधायंत्राचा जीर्णोद्धार

सुताराचा हातरंधा गंजला, तर त्याचे पाते काढून दगडावर घासावे आणि तासाभरात तो कामास लावावा. रंधायंत्राची गोष्ट निराळी आहे. शेकडो किलोग्रॅम वजनाचे हे बिडाचे यंत्र काही वर्षे अडगळीत पडले आणि तांबूस दिसू लागले, की ते मोडीत घालण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. परंतु घासूनपुसून चकचकीत केलेले यंत्र दुरुस्त झाले, असे मानणेही तितकेच चुकीचे होय. रंधायंत्राचे मोल त्याच्या मेजाच्या सपाटीत आणि फिरत्या आसाच्या सरळपणात असते. या दोन गोष्टींना धक्का न लावता गंज कसा काढावा आणि यंत्र पुन्हा सुरू करताना कामगाराच्या हाताचे रक्षण कसे करावे, हे येथे पाहावयाचे आहे.

गंज का चढतो?

उदाहरणादाखल बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळ घेऊ. येथे १८९९ साली प्रायोगिक शेतीक्षेत्र सुरू झाले आणि १९४६ साली कृषि महाविद्यालय निघाले. शेतीची अवजारे, गाडे, दारे-खिडक्या यांसाठी सुतारकाम अशा परिसरात नेहमीच लागे. हे ठिकाण समुद्रापासून दूर आणि सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कोकणातील खारी हवा येथे नाही. तरीही येथील बंद शेडमधले यंत्र गंजते. असे का व्हावे?

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात. मीठ केवळ त्या क्रियेला वेग देते. पाणी पावसाच्या रूपानेच आले पाहिजे असे नाही. रात्री थंड झालेले जड बीड सकाळी हवेइतक्या लवकर तापत नाही. दमट हवा त्यास लागली, की पेल्याच्या बाहेरून जसे थेंब जमतात तसा त्यावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो. त्यात भर पडते ती भुश्शाची. लाकूड हवेतील ओल शोषून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता ते आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरून राहते. लाकडाच्या अशा गुणधर्मांचा अभ्यास हेब्बाळपासून जवळच, मल्लेश्वरम येथे १९३८ साली स्थापन झालेल्या वनसंशोधन प्रयोगशाळेत होत आला. १९८८ साली तिचे काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले. मेजावर साचून राहिलेला भुसा म्हणजे लोखंडावर घातलेले ओले फडकेच होय. शिवाय लाकडातील अम्ले त्या ओलीत उतरतात. म्हणूनच यंत्र जेथे भुसा साचतो तेथे प्रथम गंजते.

आधी तपासणी, मग सफाई

घासण्यास आरंभ करण्यापूर्वी विजेचा संबंध तोडावा आणि पाती काढून ठेवावीत. नंतर बिडाला चीर आहे काय ते पाहावे. बीड ठिसूळ असते; त्याचे तडे सहजासहजी सांधत नाहीत. आस हाताने फिरवून तो अडखळतो किंवा हलतो काय, हे तपासावे. मेज किंवा आस यांपैकी काही फुटलेले वा वाकलेले असेल, तरच मोडीचा विचार करावा.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे बोल्ट आपल्या आट्यांतच आवळले जातात. त्यांवर हातोडा चालवू नये. पातळ तेल सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे फिरवावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून खरवडावा.

गंज काढण्याच्या तीन रीती

सुट्या लहान भागांसाठी विद्युत्-विच्छेदनाची रीत उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात एक लिटर पाण्यास सुमारे १५ ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणात विद्राव करावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या ऋण टोकास व साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकास जोडावा. दोहोंचा परस्परांस स्पर्श होऊ देऊ नये. ऋण टोकाशी गंज सैल होऊन सुटतो आणि निरोगी लोखंड झिजत नाही. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो, म्हणून हे काम उघड्या जागी करावे. धन टोकास स्टेनलेस पोलाद वापरू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे बनतात. ॲल्युमिनियमचे भाग आणि कठीण केलेल्या पोलादाची पाती या टबात घालू नयेत.

यंत्राचे पाय व बैठक यांसाठी टॅनिन उपयोगी पडते. आपल्या सह्याद्रीत होणारा हिरडा टॅनिनने समृद्ध असतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, हे अनेकांस ठाऊक असेल. तीच क्रिया येथे घडते: घट्ट चिकटून राहिलेल्या पातळ गंजाशी टॅनिनचा संयोग होऊन निळसर काळा थर बनतो व त्यावर रंग देता येतो.

मेजासाठी मात्र तिसरी रीत वापरावी. सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश कागद गुंडाळून, रॉकेलचे थेंब टाकीत, सर्व पृष्ठावर सारखा दाब देऊन घासावे. येथे विजेवर फिरणारी चकती चालवू नये. कारण असे की, गंजाने पडलेला खड्डा कामात अडथळा आणीत नाही; फळी त्याच्या भोवतीच्या उंच, सपाट भागावरून सरकते. परंतु चकतीने एके ठिकाणी खोलगट झालेले मेज प्रत्येक फळीला बाक देते. काळे डाग राहिले तर राहू द्यावेत. पुढे पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फट कोठे पडते ते पाहावे. मागचे मेज पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूशी समपातळीत, तर पुढचे त्यास समांतर व छिलक्याच्या जाडीइतके खाली असावे.

जुना धोका परत आणू नये

फार जुन्या रंधायंत्रांत पाती चौकोनी ठोकळ्यावर बसविलेली असत. चौकोनाच्या सपाट बाजू व मेजाची कड यांमध्ये मोठी फट राहते आणि घसरलेली बोटे तीत खोल ओढली जातात. वाटोळ्या पातेधारकात ही फट अरुंद राहते. कारखाना अधिनियम, १९४८ याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत, हाताने लाकूड सरकविण्याच्या रंधायंत्रास वाटोळा पातेधारक असलाच पाहिजे, अशी अट याच कारणासाठी घालण्यात आली. तेव्हा चौकोनी ठोकळा कितीही चांगल्या स्थितीत असला, तरी तो बदलावा. पात्यांवरील झाकण हरवले असल्यास नवे बसविल्यावाचून यंत्र चालवू नये.

पूर्वी एकाच लांब आसावरून पट्ट्यांच्या साहाय्याने अनेक यंत्रे चालत. बंगळुरात १९०५ साली विजेचे दिवे आले. १९४६ साली तेथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. स्वतंत्र मोटरी मिळू लागल्या तसे जुन्या यंत्रांना त्या जोडणे सोपे झाले. मात्र वेग हिशेबाने ठरवावा. मोटरचे दर मिनिटास १४४० फेरे, तिची पुली १५ सेंटिमीटर व पातेधारकाची ६ सेंटिमीटर असल्यास पातेधारकाचे ३६०० फेरे होतात. पात्यांच्या टोकांचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर ती टोके दर सेकंदास सुमारे १९ मीटर वेगाने धावतात. एवढ्या वेगात हात मागे घेण्यास अवधीच मिळत नाही. कथिलाच्या मिश्रधातूची जुनी बेअरिंगे असतील, तर तेल देऊन यंत्र प्रथम लाकडावाचून चालवावे आणि थोड्या वेळाने बंद करून बेअरिंगांचा गरमपणा पाहावा.

पुढील निगा

रोज काम संपताच भुसा झाडावा आणि महिन्यातून एकदा मेजावर मेण चोळावे. त्याने फळीही सुलभ सरकते. यंत्रावर सुती कापड घालावे. प्लॅस्टिकचे घट्ट आवरण ओल आतच कोंडते. झाडू, मेण आणि कापड या तीन गोष्टींचे वर्षभर पालन केले, तर हेच परिश्रम पुन्हा करण्याची पाळी येत नाही.